खेपा कोण मोजणार?

नोकरीचा पहिला दिवस मी जकात नाक्यावर काढला. साल १९८७. मराठवाड्यातलं आमचं गाव, पंचवीस-तीस हजार वस्तीचं, 'क' वर्ग नगरपरिषद. नेमणूक लिपिकाची, पण काम ट्रक थांबवायचं, बिल्टी बघायचं आणि पोत्यांत सळई खुपसून नग मोजायचं. नाक्यावरच्या जुन्या कारकुनाला सगळे नाना म्हणायचे. त्यांनी पहिल्याच रात्री कंदिलाची वात वर करत सांगितलं, "बिल्टी मागून बघत जा. आधी गाडीचे पाटे बघायचे. पाटे बसलेले असले आन् बिल्टीत निम्माच माल असला, की समजायचं."

काय समजायचं ते त्यांनी सांगितलं नाही. आठवड्याभरात मलाच समजलं.

१९९९ साली राज्यातल्या नगरपरिषदांची जकात उठली. नाक्याच्या खोल्यांना कुलपं लागली, आम्हाला कचेरीत टेबलं मिळाली आणि गावाचा रोजचा रोख पैसा बंद होऊन त्याच्या जागी शासनाचं सहायक अनुदान येऊ लागलं. ते पगारातच संपायचं. घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली लोकांच्या मर्जीवर, आणि निवडणूक किती लांब आहे त्यावर. पुढची वीस वर्षं मी भांडार, आरोग्य, बांधकाम अशी टेबलं फिरलो आणि २०१९ साली लेखापाल म्हणून निवृत्त झालो. या वीस वर्षांत नगरपरिषदेनं स्वतःच्या हातची कामं एकेक करून ठेक्यावर दिली. झाडलोट, घंटागाडी, दिवाबत्ती, पंपावरचे ऑपरेटर, शेवटी तर नोटिसा वाटणारा शिपाईसुद्धा. ट्रक मोजणारा मी बिलं तपासू लागलो. काम तसं तेच होतं, फक्त समोर पाटे दिसायचे बंद झाले.

ठेक्याचा विषय निघाला की गावातला माणूस टेंडरवर घसरतो. कोणी 'मॅनेज' केलं, कोणी सपोर्टला दुसरं टेंडर भरलं, कोणाला किती टक्के पोचले. हे होत नाही असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात कलम १६ आहे. नगरसेवकाचा ठेक्यात प्रत्यक्ष किंवा आडून हितसंबंध असला तर तो अपात्र ठरतो. म्हणून ठेका मेहुण्याच्या नावावर असतो आणि मेहुणा गटाराची खोली विचारायला नगरसेवकाकडे येतो. पण टेंडर उघडायच्या दिवशी निदान दहा जणांचे डोळे त्या कागदावर असतात. हरलेला ठेकेदार असतो, विरोधी गटाचा नगरसेवक असतो, माहिती अधिकारात अर्ज टाकणारे एक तरी निवृत्त मास्तर असतात. ई-निविदा आल्यावर तर लिफाफा पळवायचीही सोय उरली नाही. कार्यारंभ आदेश निघाला की हे सगळे डोळे उठून आपापल्या घरी जातात. माझ्या हिशोबानं पैसा खरा गळतो तो त्यानंतर, कारण त्यानंतर मोजायला कोणी नसतं.

कोणी नसतं हे बोलायचं म्हणून बोलत नाही. आमच्याकडे बांधकाम अभियंत्याचं पद मंजूर होतं, माणूस नव्हता. शेजारच्या तालुक्यातला अभियंता अतिरिक्त कार्यभार म्हणून आठवड्यातून दोन दिवस यायचा. स्वच्छता निरीक्षक एक, तोही वर्षातले कित्येक दिवस मतदार याद्यांच्या कामात अडकलेला. अभियंता आला की त्याच्यापुढे पाच-सहा मोजमाप पुस्तिका ठेवायच्या. सगळे त्यांना एम.बी.च म्हणतात. तोवर काम झाकलं गेलेलं, वर काँक्रीट वाळलेलं. खाली खडीचा थर किती इंचाचा हे तो काय उकरून बघणार? ठेकेदाराचा मुकादम आकडे सांगायचा आणि हा लिहायचा. निधी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात यायचा, खर्ची पडला नाही तर परत जायचा. त्यामुळे ३१ मार्चच्या रात्री आमच्या कचेरीत लग्नघरासारखे दिवे असायचे. त्या रात्रीच्या एम.बी. मी पाहिल्या आहेत. एकाच शाईनं, एकाच बैठकीत, तीन महिन्यांची मोजमापं.

कामांची नावं वाचून परक्या माणसाला हसू येईल. 'प्रभाग क्र. ६ मध्ये अमक्यांच्या घरापासून तमक्यांच्या घरापर्यंत आर.सी.सी. गटार बांधणे.' गावातली कोणती घरं महत्त्वाची होती हे पन्नास वर्षांनी कोणाला शोधायचं असेल, तर त्यानं आमचं निविदा रजिस्टर चाळावं. माझ्या काळात तीन लाखांच्या वरचं काम ई-निविदेत जायचं. म्हणून एक सलग गटार कागदावर चार घरांशी थांबायचं आणि प्रत्येक तुकडा दोन लाख नव्व्याण्णव हजारांच्या आसपास भरायचा. चार तुकडे, चार ठेकेदार, चार जणांनी आपापल्या अंदाजानं काढलेला उतार. पाणी दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याच्या मध्ये येऊन तुंबायचं. त्या ठिकाणी राहणारे एक निवृत्त कंडक्टर दर सोमवारी अर्ज घेऊन यायचे. त्यांचे अर्ज मी वेगळ्या फाईलला लावायला लागलो. फाईल दोन बोटं जाड झाली, गटार तिथंच तुंबत राहिलं.

कोणी विचारेल, सभेत कोणी बोलत नाही का? बोलतात. सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका छापून घरोघर जाते, वीस विषय असतात, त्यांवर हमरीतुमरी होते. एकविसावी ओळ असते 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. तोवर चहा आलेला असतो. ज्याला पुढं काही वाचायचं असेल त्यानं ठरावाच्या रजिस्टरात या ओळीखालचे ठराव वाचावेत.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते कचऱ्याच्या ठेक्यानं. पहिला ठेका टनावर दिला. डेपोच्या रस्त्यावरच्या खाजगी वजनकाट्यावर गाडी तोलायची, पावती जोडायची आणि टनाप्रमाणे बिल. छोट्या गावात माणशी दिवसाला पाव किलो, फार तर तीनशे ग्रॅम कचरा निघतो. म्हणजे आमच्या गावाचा नऊ टनांच्या आत. सहाव्या महिन्यात पावत्यांची बेरीज रोजची पंधरा टन यायला लागली. मी निरीक्षकाला म्हटलं, "गावानं खायला काय सुरू केलंय एवढं?" डेपोवर जाऊन बघतो तर पाडलेल्या वाड्यांची पांढरी माती, विटांचे तुकडे, गटारातला ओला गाळ. टनाला पैसे आहेत म्हटल्यावर माणूस जड तेच उचलणार. काटेरी बाभळींना अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या जिथल्या तिथे होत्या, त्यांना वजन नव्हतं.

दुसऱ्या वेळी खेपांवर ठेका दिला, तर गाड्या अर्ध्या रिकाम्या पळू लागल्या. तिसऱ्या वेळी माणसांवर दिला. बेचाळीस कामगार, सहा घंटागाड्या, मुदत तीन वर्षं. इथं मी फसलो, आणि ते सांगायला मला अजून जड जातं.

तो ठेका २२ टक्के 'बिलो' गेला. सभागृहात बाकं वाजली, नगरपरिषदेचा पैसा वाचला म्हणून. रस्त्याच्या कामाला दरसूची असते, त्यात कुठंतरी सैल जागा सापडते. कचऱ्याच्या ठेक्यात असते ती मजुरी. आमच्या अंदाजपत्रकात शंभर रुपयांमागं सत्तर रुपये किमान वेतन आणि त्यावरचा भविष्य निर्वाह निधी, वीस रुपये डिझेल-दुरुस्ती, दहा ठेकेदाराचे होते. बावीस टक्के कमी म्हणजे हातात अठ्ठ्याहत्तर. नफा सोडला तरी नव्वदचा खर्च अठ्ठ्याहत्तरात बसवायचा. त्यात किमान वेतनाचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी वाढतो आणि ठेक्याचा दर तीन वर्षं गोठलेला. ही वजाबाकी मला त्या दिवशीही येत होती. टिपणीत मी ती मांडली नाही. 'न्यूनतम दर स्वीकारण्यास हरकत नाही' असं लिहिलं आणि सही केली.

बिलासोबत दर महिन्याला पीएफचं चलन आणि नावांची यादी यायची. चलन खरं, बँकेचा शिक्का खरा, नावं बेचाळीस. मी खालचा आकडा बघून बिल पास करायचो. चौदा महिन्यांनी बाजारपेठ झाडणारी एक मावशी टेबलापाशी येऊन उभी राहिली. नवरा दवाखान्यात होता, तिला तिच्या फंडातून पैसे काढायचे होते. "साहेब, दर महिन्याला कापायलेत म्हणं. मग माझ्या नावचं हाय कुठं?" मी यादी काढली. तिचं नाव नव्हतं. तिच्या सोबतिणीचं नव्हतं. बेचाळीसपैकी एकही नाव आमच्या गावातलं नव्हतं. त्याच ठेकेदाराचं दुसरीकडं काम चालू होतं, तिथल्या मजुरांची ती यादी होती. एकाच भरण्यावर दोन ठिकाणची बिलं निघत होती. चौदा महिने मी नावं वाचलीच नव्हती. नाक्यावर नानांनी पहिल्या रात्री जे करू नको म्हणून सांगितलं होतं, तेच मी पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर केलं होतं. बिल्टी वाचली होती, पाटे बघितले नव्हते.

मग कायद्याचं पुस्तक काढलं. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात तेव्हा लिहिलं होतं की मजुरी वाटताना मूळ मालकाचा प्रतिनिधी समोर हजर पाहिजे, आणि ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती मूळ मालकानं द्यायची. मूळ मालक म्हणजे नगरपरिषद. हा हजर राहणारा प्रतिनिधी मी उभ्या नोकरीत कधी पाहिला नव्हता. शोधला असता तर तो आरोग्य किंवा लेखा विभागातला कोणीतरी निघाला असता, कदाचित मीच. ठेकेदाराच्या सुरक्षा ठेवीतून आणि पुढच्या बिलांतून कापून चौदापैकी नऊ महिन्यांचा भरणा झाला. पाच महिन्यांचा झाला नाही. स्थानिक निधी लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप निघाला, त्यात माझं पदनाम होतं. मावशीचा नवरा त्याच्या आधीच गेला होता.

त्यानंतर महिन्यातून चार दिवस, कोणाला न सांगता, मी पहाटे सहाला हजेरीच्या जागी जाऊन बसायला लागलो. कागदावर बेचाळीस, ओट्यावर एकोणतीस. हजेरीपट महिनाअखेरीस एकाच पेननं भरलेला. मी तेरा माणसांचे पैसे कापले आणि पहिल्यांदा बरं वाटलं. पुढच्या महिन्यात त्या एकोणतीस जणांचा पगार बारा दिवस लांबला. कपात ठेकेदाराच्या खिशातून होईल असं धरून चाललो होतो, तिथंही माझा हिशोब चुकला.

नंतर घरोघर क्यूआर कोड लागले. कामगारानं दारातला कोड स्कॅन केला की त्या घराचा कचरा उचलला अशी नोंद. महिन्याभरात पोरांनी सगळ्या दारांच्या कोडचे फोटो काढले आणि सकाळी टपरीवर चहा पिता पिता अख्खा प्रभाग स्कॅन करू लागले. मला त्या पोरांचा राग आला नाही. पंधरा माणसांची गल्ली नऊ जणांना दिली होती.

ठेकेदाराची बाजू सांगितली नाही तर हे एकतर्फी होईल. आमच्या नगरपरिषदेनं एकाही छोट्या ठेकेदाराचं बिल वेळेवर दिलेलं मला आठवत नाही. अनुदान आलं की आधी पगार, मग वीजबिलाची थकबाकी, कारण ती भरली नाही तर पंप बंद आणि गावात बोंब. उरलं तर बिलं. दिवाबत्तीचं काम घेतलेला एक तरुण होता. सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदलेला, कष्टाळू पोरगा. सात महिने त्याचं बिल अडकलं. बायकोचं गंठण गहाण ठेवून त्यानं वायरमनचे पगार केले. आठव्या महिन्यात त्यानं बिलात साठ दिवे जादा दाखवले. मी पकडले, त्याला समोर बसवलं. तो म्हणाला, "सर, व्याज कुठल्या हेडखाली लावू ते सांगा, मग दिवे काढून टाकतो." मी दिवे कापले. त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, लेखा संहितेतही नव्हतं. पुढच्या वर्षी त्यानं टेंडर भरलं नाही, आणि जो आला तो त्याच्या निम्म्यानंही काम करणारा नव्हता.

आता टँकरचं. २०१६ चा उन्हाळा मराठवाड्यातला माणूस विसरणार नाही. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं आणि पेपरात रोज त्या गाडीचे फोटो होते. आमच्या गावाला कोण रेल्वे पाठवणार? तलावाच्या तळाला भेगा पडल्या, उंचावरच्या तीन वस्त्यांना नळाचं पाणी पोचेना. अधिनियमाच्या कलम ५८(२) मध्ये अध्यक्षांना तातडीचे अधिकार आहेत, त्याखाली टँकर लावले. निविदा नाही, वाट बघायलाही वेळ नव्हता, आणि तो निर्णय माझ्या मते बरोबरच होता. दहा-दहा हजार लिटरचे तीन टँकर, एका वस्तीला एक, भरायला गावाबाहेरची एकच विहीर, दर खेपेवर.

पहिल्या महिन्याची खेपवही टेबलावर आली. प्रत्येक टँकरच्या रोज अकरा खेपा, प्रत्येक खेपेपुढं वस्तीतल्या कोणाची तरी सही. सह्यांतले 'र' आणि 'ल' सगळे एका वळणाचे. मी सायकल काढून विहिरीवर गेलो. मोटारीला वीज आठ तास. एक टँकर भरायला वीस मिनिटं. म्हणजे मोटर एक क्षण थांबली नाही तरी दिवसाला चोवीस. वहीत तेहतीस.

तिथून वरच्या वस्तीत गेलो. अंगणवाडीच्या भिंतीपाशी नगरपरिषदेची प्लास्टिकची टाकी होती, टँकर तिच्यात पाणी सोडायचा. त्या भिंतीवर गेरूनं ओढलेल्या उभ्या रेघा होत्या. ओळीवर ओळ. टाकीशेजारच्या घरातली अक्का ते काम करत होती. तिला लिहिता येत नव्हतं. वस्तीत चार बोळं; एका खेपेला एका बोळाचा नंबर. भांडणं होऊ नयेत म्हणून टँकर आला की ती एक रेघ ओढायची, दिवस संपला की खाली आडवी. बिल, खेपवही, दर, यातलं तिला काही ठाऊक नव्हतं. मी मोजत बसलो. सात. सात. सहा. सात. एका दिवशी पाच, त्या दिवशी टँकरचं टायर फुटलं होतं म्हणे.

"कशापायी मोजायलाव साहेब?" तिनं विचारलं.

"बिल काढायचंय."

"मग रोज येत जावा की. रोज मोजायला लागतंय पाणी."

मी भिंतीचे फोटो काढले. विहिरीवरच्या विजेचं आणि वीस मिनिटांचं गणित टिपणीत मांडलं. मुख्याधिकारी नवीन होते, परीक्षा देऊन आलेले, वय तीसच्या आत. त्यांनी फोटो पाहिले, मला म्हणाले, "लिहा, मी सही करतो." दिवसाला एकवीस खेपांप्रमाणे बिल निघालं. ठेकेदार कचेरीत येऊन टेबलावर हात आपटत म्हणाला, "भिंतीवरच्या रेघोट्यांवर माझं बिल कापता व्हय?" दोन नगरसेवक त्याच्यासोबत आले होते, ते मात्र गप्प उभे होते. एकाची वस्ती तीच होती. पुढच्या महिन्यापासून खेपवहीवर अक्काचा अंगठा लागायला लागला आणि खेपा आपोआप एकवीस-बावीसवर आल्या.

वर्षभरानं लेखापरीक्षक आले. बिल जास्त का दिलं असं विचारणारे लेखापरीक्षक मी तीस वर्षं पाहिले होते. याच फाईलवर त्यांनी विचारलं, कपातीचा आधार काय? मी फोटो काढून समोर ठेवला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला, रेघा मोजल्या आणि पान उलटलं.

२०१८ च्या सुरुवातीला स्वच्छ सर्वेक्षणासाठी गावातल्या भिंती रंगवायचा ठेका निघाला. अंगणवाडीची ती भिंतही रंगली. गेरूच्या रेघांवर हिरवा हात आला आणि त्यावर ओला-सुका कचरा वेगळा करायची सूचना. बिल चौरस फुटावर होतं. माझ्या टेबलावर आलं तेव्हा त्या एका भिंतीचे एकशे ऐंशी चौरस फूट लावलेले होते. बांधकाम विभागातून टेप मागून घेतली आणि संध्याकाळी गेलो. टेपचं दुसरं टोक अक्कानं धरलं. एकशे बेचाळीस भरलं.